अंगातल्या लोखंडाचा राखणदार

मुखेडच्या बाजारातून ओझे घेऊन येताना एखाद्या बाईला धाप लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, "हिच्या अंगात रगत नाही." सन २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींत रक्त कमी निघाले. असे का होते, ते आपण समजून घेऊ.

आपल्या अंगात लोखंड असते. सारे मिळून ३-४ ग्रॅम, एका खिळ्याइतके. पण त्याच्यावाचून लाल रक्त तयार होत नाही.

हे लोखंड आपल्याला अन्नातून मिळते. जादा झालेले लोखंड बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. म्हणून ते आत घेतानाच मोजून घ्यावे लागते. कणगीला जसा राखणदार, तसा इथेही एक आहे. त्याचे नाव हेपसिडीन. ते यकृतात, म्हणजे आपल्या काळजात, तयार होते आणि रक्तात येते.

कणगी भरली की हेपसिडीन वाढते व दार लावते. कणगी रिती झाली की ते कमी होते व दार उघडते. पाळी येणाऱ्या बाईचे रक्त दर महिन्याला जाते. म्हणून तिच्यात ते पुरुषापेक्षा कमी असते. सकाळी ते कमी, दुपारी जास्त. म्हणजे धडधाकट माणसांतही त्याचा एकच आकडा नसतो.

अंगात ताप किंवा जुना आजार असला, तरी हेपसिडीन वाढते. मग कणगी रिती असूनही दार बंद! अशा वेळी गोळ्या खाऊनही गुण येत नाही. गोळीला नावे ठेवू नका. डॉक्टरांना सांगा. आजार शोधावा लागतो.

गावच्या दवाखान्यात हेपसिडीन नव्हे, हिमोग्लोबीन तपासतात. १०० मिलिलिटर रक्तात ते पुरुषाला १३, बाईला १२ व गरोदर बाईला ११ ग्रॅम तरी हवे.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० लाल गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. रोज एक घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये. चहा लोखंड अडवतो. जेवणात लिंबू पिळावे. आपल्या मनाने जादा गोळ्या घेऊ नयेत. लेकरांच्या हाती तर त्या पडूच देऊ नयेत, जिवावर बेतते.

सांगा पाहू :
१. लोखंडाचा राखणदार कोण?
२. तो दार केव्हा लावतो?
३. तुमच्या घरी कोणाचे रक्त तपासायचे राहिले आहे?