पिंग होतं, पण फोल्डर उघडत नाही

प्रश्न : आमच्या ऑनलाइन अर्ज भरण्याच्या दुकानात उबंटूचे दोन संगणक आहेत. एकावरचं सांबाने शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्यावर उघडत नाही. पिंग मात्र होतं. फायरवॉल बंद करून टाकू का?
– एक वाचक, बाभुळगाव (जि. यवतमाळ)

उत्तर : थांबा, आधी ती चालू आहे का ते तरी बघू! उबंटूत यूएफडब्ल्यू ही फायरवॉल 2008 पासून येते, पण मुळात बंदच असते. फोल्डर असलेल्या संगणकावर ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ द्या (अक्षरं अर्थातच इंग्रजी). ‘इनॲक्टिव्ह’ आलं तर तिच्यावर आळ नको. पिंगवरही विसंबू नका. चालू असलेली यूएफडब्ल्यूसुद्धा पिंगला सहसा अडवत नाही.

आता दुसऱ्या संगणकावरून ‘एनसी -झेडव्ही’, पुढे पहिल्याचा आयपी पत्ता आणि 445 हा पोर्ट द्या. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर बहुधा सांबाच सुरू नाही. बराच वेळ ताटकळून ‘टाइम्ड आउट’ झालं, तर संशय फायरवॉलवर.

तरी ती सरसकट बंद करू नका, गिऱ्हाइकांचे आधार-सातबारे त्याच संगणकात असणार. 445 फक्त दुकानातल्या नेटवर्कपुरता खुला करा आणि पुन्हा तपासा.