बॉयलरची तपासणी दरसाल, मग अंगाची का नको?



हंगाम संपला की कारखान्यात काय काम चालते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. मिलचे रोलर उतरवतात, पंप-मोटारी खोलतात, बॉयलर थंड करून आतून साफ करतात. बॉयलरची कायद्याप्रमाणे तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. ऐन गळितात तो बंद पडला तर काय होईल हे माहीत असल्याने या खर्चाला कुणी नाव ठेवत नाही. शेतातही आपण लावणीआधी माती परीक्षण करतो, तोडीआधी ब्रिक्स बघतो. पण हे सगळे ओढणाऱ्या शरीराची तपासणी शेवटची कधी केली, असे विचारले तर उत्तर येते, "मला काय धाड भरलीया? ठणठणीत हाय की!"

अशा ठणठणीत माणसाची तपासणी म्हणजे काय, ती कुठे करायची आणि आकडे कसे वाचायचे, एवढेच या पाठात पाहू.

१. दुखणे दाखवणे वेगळे, तपासून घेणे वेगळे

ताप आला, कोयता लागला, पोटात कळ आली की आपण नाक्यावरच्या दवाखान्यात धावतो. डॉक्टर समोरचे दुखणे बघतात आणि ते बरोबरच आहे. "आलोच हाय तर साखर पण बघा," असे पुष्कळजण म्हणतात. यात एक मेख आहे. ताप, जखम, वेदना असताना रक्तदाब आणि साखर दोन्ही चढू शकतात. स्टेरॉइडच्या औषधांनीही साखर वाढते. त्या दिवशी आकडा जास्त आला तर लगेच हाय खाऊ नये, पण सोडूनही देऊ नये. डॉक्टरांना विचारून, बरे वाटल्यावर पुन्हा मोजून घ्यावे.

दुसरे असे की घाईच्या दवाखान्यात मागचा आकडा बहुधा कुणाजवळ नसतो. एकरी उतारा जसा आपण तीन-चार सालांचा शेजारी-शेजारी मांडून बघतो, तसेच तपासणीचे आहे. वर्षावर्षाची तुलना केली तरच चढ कळतो.

मात्र छातीत दाब, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, यातले काही झाले तर ती तपासणीची वेळ नव्हे. लगेच १०८ ला फोन करा.

२. कुठे जायचे?

सुरुवात गावातूनच करा. उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील माणसांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी करण्याची सोय आहे. स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच कार्यक्रमात येते. या केंद्रांनाच २०२३ पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव मिळाले आहे. आशाताई दारात येऊन तंबाखू, दारू, कंबरेचा घेर विचारतात, तो फॉर्म याचाच भाग आहे. त्यांना "आमच्यात कुणाला काय न्हाई" म्हणून वाटेला लावू नका.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केले आहेत. केंद्रात शंका निघाली तर ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लज भागात उपजिल्हा रुग्णालय, आणि पुढे कोल्हापूरचे सी.पी.आर. अशी पायरी आहे. मोठ्या दवाखान्यात गेलात तर अपघात विभागात गर्दी करू नका. सकाळी बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढा. महात्मा फुले जन आरोग्य योजना ही शस्त्रक्रिया व मोठ्या उपचारांसाठी आहे, वार्षिक तपासणीसाठी नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

३. काय मोजतात, आकडा काय सांगतो?

रक्तदाब : मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड उघडा असावा, हात छातीच्या पातळीत टेकवावा. १२०/८० च्या खाली उत्तम. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर भरला तर तो उच्च रक्तदाब. डोके दुखले तरच रक्तदाब असतो, हा समज खोटा आहे. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि कधीकधी पहिली खूण लकव्याचीच दिसते.

साखर : रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यावे. १०० च्या खाली ठीक. १०० ते १२५ म्हणजे इशारा. १२६ किंवा त्यावर आली तर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात.

हिमोग्लोबिन : पुरुषात १३ आणि स्त्रीत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

कंबर : पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावे.

तोंड : तंबाखू-मिश्रीवाल्यांनी दरसाल दाखवावेच. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणे, या खुणा लपवू नयेत.

याशिवाय दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यावी.

४. घरात कुणाची तपासणी?

शेअर कुणाच्या नावावर आहे हे बघून तपासणी करायची नसते. कारभारी जातो, कारभारीण मागे राहते. तिची चक्कर, तिचा थकवा "कामानं हुतंय" म्हणून सोडून देतात. दोघांनी एकाच दिवशी जावे. आपल्या शेतात कोयता चालवणाऱ्या टोळीतल्या बाया-माणसांनाही केंद्राची वाट दाखवावी. ती परगावची असतात, त्यांना ठिकाण माहीत नसते.

५. आकडा वाढला तर?

आपण गुळाच्या जिल्ह्यातले. "साखर बंद केली, आता गूळच खातो," असे सांगणारे गावोगाव भेटतील. रक्ताच्या हिशेबी साखर काय नि गूळ काय, मधुमेहात दोन्ही जपूनच. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळे मिळून चहाचा एक चमचा. लोणचे, पापड, खर्डा यातले मीठही त्यातच मोजायचे.

आणि आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. तो गोळीमुळेच उतरलेला असतो. पीक हिरवे दिसले म्हणून आपण पाण्याची पाळी चुकवत नाही, तसेच हे.

वेळ कधी काढायची? आडसाली लावण उरकते, गणपती होतात, आणि गव्हाणीत मोळी पडायला अजून अवकाश असतो. तेवढ्यात एक सकाळ पुरते. मिळालेला कागद ऊसबिलाच्या पावत्यांच्या फाइलीत लावून ठेवा. पुढच्या साली त्याच्याच शेजारी दुसरा लागू द्या.

कर्त्या माणसाला लकवा झाला तर ऊस उभा राहतो आणि बिल दवाखान्यात जाते. ते टाळणे पुष्कळदा आपल्या हातात असते. तेव्हा यंदा मोळी टाकण्याआधी घरातल्या ३० वर्षांवरील प्रत्येकाने एकदा दंड उघडा करून बसावे, अशी सर्व सभासदांना कळकळीची विनंती.