कार्ड काढा, पण पॉलिसी सोडू नका

२९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने आयुष्मान योजना सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना खुली केली. उत्पन्नाची अट नाही, नोंदणी आधारवर, कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. आमच्या अण्णांनी लगेच वय वंदना कार्ड काढलं. पुढे आरोग्य विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा म्हणाले, "आता कशाला पैसे भरायचे? सरकारनं दिलंय ना." हप्ता वर्षागणिक चढत होता, त्यावर तेव्हा १८ टक्के जीएसटी. पेन्शनीत भागवणाऱ्या माणसाला असं वाटणारच. मुदत संपली, सवलतीचे ३० दिवसही गेले आणि जुनी पॉलिसी बंद पडली.

पावसाळ्यात अण्णा अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. जवळचं रुग्णालय योजनेत अंगीकृत होतं, पण हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी नव्हे. रुग्णालय यादीत असणं वेगळं आणि आपल्याला हव्या त्या विभागासाठी असणं वेगळं, हे तिथल्या आरोग्यमित्राने सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. अण्णांना दुसरीकडे हलवायला डॉक्टर तयार नव्हते. शेवटी ठेव मोडून बिल भरलं.

खरा फटका त्यानंतर बसला. २०२४ च्या नियमांनुसार आता कुठल्याही वयात पॉलिसी मिळू शकते, पण नवी पॉलिसी म्हणजे सगळं पहिल्यापासून. अण्णांना मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. जुन्या पॉलिसीत तो काळ कधीच संपला होता. शिवाय सलग ५ वर्षं हप्ते भरले, की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज 'माहिती लपवली' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. सलग वर्षांची ही पुण्याई एका न भरलेल्या हप्त्याने गेली.

सरकारी योजनेला मी नावं ठेवणार नाही. त्यात जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात आणि ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहे. मात्र तिथे जनरल वॉर्ड मिळतो, ठरलेल्या पॅकेजांतलेच उपचार होतात आणि ओपीडीचा खर्च मिळत नाही. खासगी विमा असला तरी कार्ड मिळतं. दोन्ही एकाच वेळी ठेवता येतात. निवड करावी लागते ती सीजीएचएस, ईसीएचएस यांसारख्या सरकारी योजनांतल्या लोकांना.

हप्ता झेपत नसेल तर पॉलिसी सोडण्याआधी कंपनीशी बोला. विम्याची रक्कम कमी करून घेता येते. दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचं असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्या. प्रतीक्षेची भरलेली वर्षं सोबत येतात. २०२५ च्या जानेवारीपासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही उठला आहे. म्हणजे पूर्वीचा हिशेब आता धरू नका, नव्याने मांडा.

घरात कुणी सत्तरीपुढचं असेल तर १४५५५ वर फोन करून जवळचं कोणतं रुग्णालय कोणत्या विभागासाठी अंगीकृत आहे ते आजच विचारून लिहून ठेवा. आणि त्याच कागदावर पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीखही लिहा.