भाताच्या पेंढ्यातील साखर

रत्नागिरी जिल्ह्यात भाताची झोडणी आटोपली की दारापुढे पेंढ्याची उडवी उभी राहते. हा पेंढा वर्षभर पुरवून घालावयाचा, आणि तो खाऊनही जनावर अंग धरीत नाही, ही शेतकऱ्याची जुनी तक्रार होय. वास्तविक 100 किलो कोरड्या पेंढ्यात सुमारे 35 किलो सेल्युलोज आणि 20 ते 25 किलो हेमिसेल्युलोज असते. हे दोन्ही पदार्थ म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या होत. 35 किलो सेल्युलोजच्या साखळ्या पूर्णपणे तुटल्या, तर तुटताना त्यात पाण्याचा अंश मिळून जवळजवळ 39 किलो ग्लुकोज तयार व्हावयास हवे. प्रत्यक्षात त्यातील बराच भाग शेणावाटे बाहेर पडतो.

याचे कारण पेंढ्याच्या रचनेत आहे. सेल्युलोजचे धागे एकमेकांस घट्ट बिलगलेले असतात, त्यांभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टन असते आणि या साऱ्यांवर लिग्निन या चिवट द्रव्याचा लेप बसलेला असतो. भाताच्या पेंढ्यात शिवाय सिलिकाचे, म्हणजे वाळूतील द्रव्याचे, प्रमाण मोठे. साखळी तोडण्याचे काम विकरे करतात. परंतु विकरांचे कण आकाराने मोठे असल्यामुळे या दाट विणीत त्यांचा शिरकाव होत नाही. म्हणून ही वीण आधी सैल करावी लागते. यालाच पूर्वप्रक्रिया म्हणतात.

साखळी तोडणाऱ्या विकरांची ओळख एका संकटातून झाली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवरील अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व कपडे कुजू लागले. त्या कुजण्याचा शोध घेताना जी बुरशी हाती लागली, तिला पुढे एल्विन रीज या शास्त्रज्ञाच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसी असे नाव मिळाले. पावसाळ्यात पेटीतील कपड्यांवर चढणारी बुरशी पाहिलेल्या कोकणवासीयास यात फारसे नवल वाटू नये. या बुरशीची विकरे मिळून काम करतात. एक साखळीस मध्येच छेद देते, दुसरे टोकापासून दोन-दोन कणांचे तुकडे काढते आणि तिसरे त्या जोड्या फोडून ग्लुकोज मोकळे करते. तिसरे विकर कमी पडले की जोड्या साचतात आणि पहिल्या दोहोंचे कामही मंदावते.

कारखान्यात पेंढा बहुधा सौम्य आम्ल व वाफ देऊन 160 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात; नंतर सुमारे 50 अंशांवर, किंचित आंबट पाण्यात, दोन-तीन दिवस विकरांच्या स्वाधीन करतात. सारे कौशल्य पहिल्या पायरीत आहे. ताप कमी पडला तर विकरे आत शिरत नाहीत. अधिक झाला तर गुळाची काहील करपावी तशी साखरच बिघडून फुरफुराल तयार होते आणि पुढे मद्यार्क करणारे यीस्ट त्याने मंदावते. हरियाणातील पानिपत येथे 2022 साली राष्ट्रास अर्पण झालेला इंडियन ऑइलचा कारखाना वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढ्यापासून 3 कोटी लिटर इथेनॉल करण्याच्या क्षमतेने उभारला आहे; म्हणजे टनास 150 लिटर. तेथे सपाट मैदानांवर यंत्राने कापणी होते. डोंगरउतारावरील लहान खाचरांतून हलका, फुगीर पेंढा गोळा करून दूर नेण्याचा खर्च मात्र त्याच्या मोलास गिळून टाकील. येथे कारखाना म्हणजे गोठ्यातील गुरांचे पोटच होय. त्यातील सूक्ष्मजंतू सुमारे 39 अंश उबेत स्वतःची विकरे सोडून सेल्युलोज फोडतात, सुटलेली साखर आंबवितात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर जनावर पोसते. उणीव फक्त पूर्वप्रक्रियेची असते, आणि ती युरियाने भरून काढता येते.

100 किलो कोरड्या पेंढ्यास 4 किलो युरिया व 50 लिटर पाणी घ्यावे. खळ्यावर प्लास्टिक अंथरून पेंढ्याचे दहा-दहा किलोंचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाच लिटर द्रावण झारीने सारखे शिंपडावे व थर पायांनी दाबून घ्यावा. शेवटी ढीग वरून व बाजूंनी हवाबंद झाकून 21 दिवस ठेवावा. पेंढ्यावरील जंतूंचे युरिएज नावाचे विकर युरियापासून अमोनिया वायू तयार करते. त्या वायूने पेंढा फुगतो व लिग्निनची पकड सैल होते. लिग्निन नाहीसे होत नाही, सिलिकाही जात नाही; तथापि पचनाचा मार्ग मोकळा होतो आणि प्रथिनांचा अंश 3-4 टक्क्यांवरून साधारण दुप्पट होतो.

पाण्याच्या बाबतीत काटकसर करू नये. पाणी अपुरे पडले तर युरिया फुटत नाही आणि तसाच उरलेला युरिया जनावरास विषारी ठरतो. फार झाले तर द्रावण तळाशी निथळते. झाकण सैल राहिले तर अमोनिया उडून जातो व ओला पेंढा बुरशीने खराब होतो. चांगला उतरलेला पेंढा तपकिरी, मऊ व उग्र वासाचा असतो. काळा पडलेला किंवा बुरशी आलेला भाग शेणखतात टाकावा.

खाऊ घालण्यापूर्वी पेंढा तासभर पसरून वास जाऊ द्यावा. आरंभी साध्या पेंढ्यात थोडा मिसळून आठवडाभरात प्रमाण वाढवावे व सोबत खनिज मिश्रण द्यावे. सहा महिन्यांखालील वासरांना व घोड्यांना तो देऊ नये. द्रावणाची बादली गुरांच्या तोंडाला लागेल अशा जागी क्षणभरही ठेवू नये. ढीग एकाच बाजूने उघडून दिवसापुरता पेंढा काढावा व लगेच झाकावा. मृगाच्या पावसापूर्वी तो संपेल अशा बेताने माघ-फाल्गुनात लावल्यास उन्हाळ्यात ओला चारा आटतो तेव्हा तो हाताशी येतो.