हृद्रोगी रुग्णातील आंत्र-शस्त्रकर्मोत्तर मलविकृती : चिकित्सक व औषधविक्रेत्यांसाठी काही विचार

बृहदंत्र वा गुदनलिकेच्या कर्करोगाचे शस्त्रकर्म अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, छत्रपती संभाजीनगरास किंवा पुण्यास होते. परंतु टाके निघाल्यावर रुग्ण केज, धारूर, पाटोद्याकडील आपल्या गावी परततो आणि मलप्रवृत्तीची पहिली तक्रार आपल्यापुढे अथवा गावच्या औषधी दुकानातच येते. त्यांतील पुष्कळ रुग्ण उतारवयातील असून हृद्रोगाची औषधे आधीपासून घेत असतात. सुश्रुताचार्यांनी हृदय व गुद या दोहोंची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. एका मर्माजवळ शस्त्र चालले आहे व दुसरे मुळातच दुर्बल आहे, अशा रुग्णास नेहमीची पाचक, रेचक वा स्तंभक औषधे सरसकट देता येत नाहीत, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत आंत्रसंधी उकलण्याचे भय असते. ज्वर, आध्मान, वाढती पोटदुखी व जलद नाडी ही त्याची लक्षणे होत. येथे नाडीपरीक्षेवर विसंबणाऱ्या आपल्यासारख्यांनी विशेष सावध असावे. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्या रुग्णाची नाडी अशा वेळीही संथच लागू शकते. उलट, पूर्वी नियमित असलेली नाडी एकाएकी अनियमित झाली तर दोष हृदयात असल्याचे गृहीत न धरता पोटही तपासावे. या काळात बस्तीचा विचारही करू नये. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बद्धोदर व छिद्रोदराच्या रुग्णास निरूह वर्ज्य सांगितला आहे. ताज्या आंत्रसंधीस तोच न्याय लावावा.

सर्वांत अवघड प्रश्न लघ्वंत्राचे मुख पोटावर काढलेल्या रुग्णाचा. त्याच्या पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटरहून अधिक द्रव येऊ लागला की शरीरातील पाणी, मीठ, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने घटतात. हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र त्यास मीठ कमी करावयास सांगून फ्रुसेमाइड चालू ठेवलेले असते. आपल्याकडील वैशाखात ही दोन्ही टोके एकत्र आली की मूत्रपिंड धोक्यात येते. घरचे लोक मायेने तांब्याभर साधे पाणी पाजत राहतात. त्याने स्राव अधिकच वाढतो. नारळपाण्यात सोडियम अल्प व पोटॅशियम भरपूर असते, म्हणून रॅमिप्रिल वा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यास ते मनसोक्त देणे योग्य नव्हे. जलसंजीवनी घोट-घोट द्यावी, भाताची पेज द्यावी, आणि त्याच दिवशी मूळ चिकित्सकांशी बोलून फ्रुसेमाइडची मात्रा व मिठाचे पथ्य त्यांच्याकडून नव्याने ठरवून घ्यावे. रोजचे वजन, मूत्राचे प्रमाण आणि पिशवीतील द्रवाचे माप वहीत लिहावयास लावावे. आमच्या अनुभवात या वहीचा जितका उपयोग होतो तितका एखाद्या रसकल्पाचा होत नाही.

विबंधात कुंथणे हृदयास घातक, म्हणून मल मृदू ठेवणे आवश्यकच. परंतु सोनामुखीयुक्त चूर्णे रोज घेतल्यास पोटॅशियम घटते आणि डिगॉक्सिन चालू असल्यास त्याची विषबाधा संभवते. तिची पहिली लक्षणे मळमळ व अरुची ही असल्याने आपण ती अग्निमांद्य समजून दीपन-पाचन देत बसण्याचा संभव आहे! ज्येष्ठमधही पोटॅशियम घटवते व रक्तदाब वाढवते. लवणभास्करातील लवणे हृदयदौर्बल्यात शोथ वाढवतात. इसबगोल निर्दोष समजले जाते, पण ज्यास पाणी मोजून घ्यावे लागते अथवा ज्याची आंत्रसंधी आकुंचित झाली आहे, त्याच्या आतड्यात ते अडकू शकते. संधी पूर्ण भरल्यावर, अवरोध नसल्याची खात्री करून, आम्ही बहाव्याच्या मगजाची अल्प मात्रा मोजके दिवस योजतो. चरकाचार्यांनी कल्पस्थानात हृद्रोगी व उदावर्ताच्या रुग्णांस तो विशेष पथ्यकर म्हटला आहे.

गुदनलिकेचा भाग काढल्यानंतर दिवसातून अनेकदा, थोडी-थोडी व वेग न आवरणारी मलप्रवृत्ती होते. हा आमातिसार नव्हे, मलाशयाची धारणक्षमताच घटलेली असते. कुटज, बेलफळ व ताक-भात यांनी बऱ्याच रुग्णांस उतार पडतो. आनंदभैरव रस व संजीवनी वटी मात्र या रुग्णांत आम्ही टाळतो, कारण दोहोंत वत्सनाभ आहे आणि वत्सनाभाने हृदयाची गती बिघडते. लोपेरामाइडच्या अतिमात्रेनेही तसेच घडते, हे दुकानात पत्ता मागणाऱ्यास सांगावे.

मलावाटे रक्त आल्यास ‘मूळव्याध असेल’ म्हणून अर्शोघ्न गोळ्या देऊ नयेत. वॉरफॅरिन घेणाऱ्याची रक्ततपासणी तातडीने करवावी. स्टेंट नुकता बसवलेल्या रुग्णाची ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल आपल्या अधिकारात बंद करू नये. स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राण जाऊ शकतो.

गुग्गुळकल्पांविषयीही एक नोंद. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण गुग्गुळाने घटते, असे 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात आढळले होते. यास्तव औषधविक्रेते बंधूंनी रेचक, अतिसारघ्न अथवा गुग्गुळकल्प देण्यापूर्वी पोटाचे शस्त्रकर्म कधी झाले व हृदयाची कोणती गोळी चालू आहे, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळेना तर रुग्णालयातून मिळालेले कार्ड आणावयास सांगावे.