किकर आधी, वळण नंतर

फेब्रुवारीतली दुपार. सकाळचा मतलई वारा पडून गेला होता आणि वायव्येकडून खारा वारा भरत होता. कुलाब्याच्या इमारती ओलांडून मुंबई बंदरात उतरणारा हा वारा सलग नसतो, झोताझोताने येतो. मी लेझर या एकट्याने चालवायच्या शिडाच्या नावेवर होते, ५.७६ चौरस मीटरचं रेडिअल शीड लावून. वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढताना शीड चपटं राहावं म्हणून किकर करकचून ओढला होता. तिथवर सगळं बरोबर होतं.

वरच्या मार्काशी, म्हणजे वळसा घालायच्या बोयाशी, पोचले आणि किकर तसाच ठेवून नाव वळवली. त्याच क्षणी झोत आला, नाव कलली. मी मेनशीट, म्हणजे शीड आवळायची दोरी, सोडली, पण बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, बाहेर जाईना. त्याचं टोक पाण्यात रुतलं होतं. शीट हातातून सुटली तरी शिडातला वारा सुटत नव्हता. दोन श्वासांत मी पाण्यात होते.

ओहोटीची वेळ होती. नावेच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, डॅगरबोर्डवर, उभी राहून नाव सरळ केली तेव्हा डोलकाठीच्या टोकाला काळा चिखल लागला होता. धापा टाकत आत चढते न चढते तोच आवळलेलं शीड पुन्हा भरलं आणि नाव पुन्हा आडवी. मदतीच्या बोटीतून शिकवणारे सर ओरडले, “आधी किकर सोड, मग उचल तिला!” तिसऱ्या खेपेला मी ऐकलं. नाव सरळ झाली आणि शीड फडफडत उभं राहिलं.

किकर, म्हणजेच बूम व्हँग, ही बूमपासून डोलकाठीच्या बुडाशी तिरकी जाणारी कप्प्यांची दोरी. आपल्या कोकणच्या मचव्याच्या शिडाला खाली बूमच नसतो, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. बूम असलेल्या नावेत मात्र मेनशीट ताणलेली असेपर्यंत तीच त्याला खाली धरून ठेवते. शीट सैल केली की बूम बाहेर जातो तसा वरही उचलला जातो. शिडाची मागची कड उघडते आणि वरचा भाग पीळ खाऊन पुढे जातो. तो पीळ किती राहू द्यायचा, हे किकर ठरवतो.

त्या दुपारच्या धसक्याने पुढच्या वेळी मी किकर पार मोकळा ठेवला. वारा पाठीशी घेतला तसं शिडाचं टोक डोलकाठीच्याही पुढे गेलं, नाव डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली आणि तिसऱ्या झोक्याला माझ्याच अंगावर, वाऱ्याच्या बाजूला उलटली. दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. किकर एकदा बांधून विसरायची गोष्ट आहे, असं मी धरून चालले होते.

म्हणून नवशिक्यांना आता आग्रहाने सांगते. मध्यम वाऱ्यात मेनशीट इतकी ओढा की कप्प्या एकमेकींना टेकतील. त्या स्थितीत किकरचा झोळ काढून घ्या. शीट सोडताच बूम वर न उठता बाहेर जाईल. मग बूमखालून वर बघा. सगळ्यात वरची बॅटन (शिडात बसवलेली पट्टी) साधारण बूमला समांतर दिसायला हवी. वरच्या बॅटनच्या टोकाची टेलटेल, म्हणजे वारा दाखवणारी फीत, सतत शिडामागे लपत असेल, तर कड फार आवळली गेली आहे, थोडं सोडा. मंद वाऱ्यात तर सोडाच. तिथे शिडाला मोकळीक हवी असते. जोराच्या वाऱ्यात चढताना ओढा, पण वरच्या मार्काला वळण्याच्या आधी, अजून बाहेर झुकलेले असतानाच, सोडून घ्या. वळल्यावर हात पुढे नेऊन दोरी अडकवायची क्लीट शोधायला वेळ मिळत नाही. पाठवाऱ्यावर जाताना शिडाचं टोक पुढे निसटणार नाही इतका ताण राखा. मी दोरीवर काळ्या मार्करने तीन खुणा केल्या आहेत. शिडाकडे बघण्याला तो पर्याय नाही, पण घाईत हाताला जागा सापडते.

एक गैरसमज जिवावर बेतू शकतो, तोही बोलायलाच हवा. घट्ट किकर बूमला आडवं फिरण्यापासून अडवत नाही. तो फक्त वर जाणं रोखतो. नकळत जाईब झाली, म्हणजे पाठवाऱ्यात शीड एका बाजूवरून दुसरीकडे गेलं, तर बूम तितक्याच जोराने डोक्यावरून जाईल, उलट किकर आवळलेला असल्यामुळे जास्त खालून. त्यामुळे वाकायचं ते नीट वाका. आणि किनाऱ्यावर आलात की खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन टाका, दोरी क्लीटमध्ये जिथे चावली जाते तिथे बोटांनी चाचपा, बूम डोलकाठीला जोडणारा सांधा हलवून बघा. किकरचा ताण त्या सांध्यावरही येतो.