सार्वजनिक आरोग्य आणि कलाशाखेचा विद्यार्थी

आरोग्य हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे दवाखाना, डॉक्टर आणि औषधाची बाटली उभी राहते. हा प्रांत विज्ञानशाखेचा, आपण कलाशाखेची मुले त्यात काय करणार, अशी आपली समजूत असते. गेल्या वर्षीपर्यंत माझीही तीच होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आरोग्य-पाहणीचा एक तक्ता माझ्या हाती आला आणि तेथून हा अभ्यास सुरू झाला.

डॉक्टर समोरच्या रोग्याला काय झाले ते पाहतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक विचारतो, की याच गल्लीत इतके रोगी का, आणि पलीकडच्या गल्लीत का नाहीत? वैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी जनऔषधवैद्यकशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधायला जे लागते, म्हणजे लोकसंख्या, नकाशा, सरासरी व प्रमाण, जात, मजुरी, पाण्याची वाट, ते सारे आपण बी.ए.ला वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकतच असतो. फक्त एकत्र कोणी बांधून देत नाही.

याचे जुने उदाहरण लंडनचे आहे. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री तेथील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीची साथ उसळली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. रोग दूषित हवेने पसरतो असे तेव्हा मानीत. डॉ. जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. त्यांनी मृत्यू घरोघर शोधून नकाशावर मांडले. ते एका सार्वजनिक हातपंपाभोवती दाटलेले दिसले. जवळच्या मद्याच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले, कारण ते तेथले मद्यच पीत. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. (दांडा काढला नि साथ थांबली, असे सांगतात ते पूर्ण खरे नाही. साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले आहे.)

मला मात्र या हकिगतीत स्नोंपेक्षा हेन्री व्हाइटहेड अधिक जवळचे वाटतात. ते त्या वस्तीतले तरुण धर्मोपदेशक. वैद्यकाशी संबंध नाही. स्नोंचे म्हणणे चुकीचे आहे असे दाखवायलाच ते निघाले होते. पण घराघरांत ओळख असल्यामुळे लोक त्यांच्याशी बोलत, आणि चौकशीअंती त्यांचेच मत बदलले. पुढे मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना ब्रॉड स्ट्रीटवरील ४० क्रमांकाच्या घरातली एक नोंद आढळली : पाच महिन्यांची मुलगी, मृत्यू २ सप्टेंबर, त्याआधी चार दिवस जुलाब. तिचे लंगोट धुतलेले पाणी आईने घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतले होते. तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत होता आणि त्याच्या विटा ढासळलेल्या होत्या. साथीचा उगम सापडला तो एका तान्ह्या मुलीची नोंद झाली होती म्हणून.

आता शिबिराकडे वळते. आमच्या गटाच्या वाट्याला चाळीस घरे आली होती. तक्त्यात प्रश्न होता, 'मुले किती?' बायका आकडा सांगत, आम्ही लिहून घेत होतो. काम झटपट झाले याचा आम्हांला अभिमानच वाटला. तक्ते पाहून आमचे सर एवढेच म्हणाले, "एकाही घरात एकही मूल दगावलं नाही? तुमचं गाव भाग्यवान दिसतं."

घरी आल्यावर मी सहज आईला तोच प्रश्न केला. ती म्हणाली, "तीन." मग थोड्या वेळाने, भाकरी थापता थापता, तिने सांगितले, की माझ्या पाठीवर एक मुलगा झाला होता. आईबाबा तेव्हा ऊसतोडीला गेले होते. बाळ फडाजवळच्या कोपीतच झाले, चांगले रडले, आणि पाचवी पुजायच्या आधीच गेले. "मग मघाशी का नाही सांगितलंस?" असे मी विचारले. "नाव कुठं ठेवलं होतं त्याचं? मोजायचं कशात?"

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. एकोणीस वर्षे त्या घरात राहून मला हे ठाऊक नव्हते.

कायद्याने तो मोजायला हवा होता. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद घटना जेथे घडली तेथे करायची असते. पण कारखान्याकडच्या गावाला आम्ही परके, आणि आमच्या गावाला तो जन्म दिसलाच नाही. जिवंत जन्म म्हणजे काय, तर जन्मल्यावर श्वास, रडणे, हालचाल असे जीवाचे कोणतेही लक्षण दिसणे. माझा भाऊ रडला होता. म्हणजे तो 'जिवंत जन्म' आणि नंतर 'अर्भकमृत्यू', असा दोनदा मोजला जायला हवा.

याने आकड्यात काय फरक पडतो ते पाहू. अर्भकमृत्युदर म्हणजे वर्षभरातील दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आतील बालकांचे मृत्यू. समजा, एका गावात वर्षात ३० जन्म व १ मृत्यू नोंदला गेला. दर येतो ३३. वगळलेले एकच बाळ वर आणि खाली दोन्हीकडे धरले, तर ३१ जन्मांत २ मृत्यू, म्हणजे दर जवळजवळ ६५. गाव तेच, एका पानावर बरे आणि दुसऱ्या पानावर दुप्पट वाईट! यातून दुसरीही गोष्ट कळते. एवढ्या लहान संख्येवर एका गावाचा दर काढून निष्कर्ष काढणे मुळातच धोक्याचे. ही चूक आम्ही अहवालाच्या पहिल्या मसुद्यात केली होती.

सरकारला ही अडचण ठाऊक आहे. म्हणून नमुना नोंदणी पद्धतीत एक स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपत जातो, आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस त्याची वही न पाहता स्वतंत्र पाहणी करतो. दोन्ही याद्या ताडून जे जुळत नाही त्याची पुन्हा गावात जाऊन खात्री करतात. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडावे, हा हेतू. तरीही महाराष्ट्रात सरकारी दप्तरात दिसतात त्यापेक्षा बालमृत्यू पुष्कळ अधिक आहेत, हे २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने पुढे आणले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्याचीही सुरुवात गावोगावचे जन्म-मृत्यू नीट मोजण्यापासून आहे.

यंदाच्या तक्त्यात आम्ही प्रश्न बदलला आहे. 'मुले किती?' याऐवजी 'बाळंतपणे किती झाली?' असे प्रथम विचारायचे आणि मग एकेका बाळंतपणाची चौकशी करायची. सरांचे म्हणणे, की 'जन्मून रडले, पण आता नाही असे मूल आहे का?' हा प्रश्नही स्पष्ट घालावा. काही मैत्रिणींना तो परक्या बाईला विचारणे निष्ठुर वाटते. मी आईचे मत विचारले. ती म्हणाली, "कागद हातात धरून विचारू नको. आधी पाणी माग, बस. आणि तिची सासू घरात असली तर दुसऱ्या दिवशी जा."

तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने एक रकाना वाढवला आहे : 'मुलाखतीच्या वेळी घरात आणखी कोण होते?'